केबल तोडण्याची घाई

दरमहा दारी येणाऱ्या केबलवाल्याची वसुली ही निव्वळ उधळपट्टी आहे, असा साक्षात्कार मला गतवर्षी एका रविवारी झाला, आणि साऱ्या वाहिन्या अ‍ॅपवर दिसतातच तर ही तार हवी कशाला, अशी स्वतःची समजूत घालून मी जोडणी बंद करविली. बॉक्स परत करण्याचे काम तेवढे आमच्या घरातल्या अण्णांकडे सोपविले.

फजिती क्रिकेटने केली. भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडात केबल कायम होती. आमच्या पडद्यावर गोलंदाज चेंडू विजारीला घाशीत उभा असतानाच पलीकडून "गेला, गेला!" असा गिल्ला उठे, आणि अण्णा शांतपणे विचारीत, "अरे, कोण गेला ते आपल्याला कधी कळायचे?" चित्र काही सेकंदांच्या तुकड्यांत कापून पाठविले जाते आणि दोन-चार तुकडे गाठीशी जमल्याखेरीज अ‍ॅप ते दाखवू लागत नाही, हे या विलंबाचे मूळ, इंटरनेट कितीही वेगवान घेतले तरी तो सर्वस्वी टळत नाही. सामन्याचे शौकीन असाल तर तार तोडण्यापूर्वी निदान एक महिना दोन्ही सोयी शेजारी-शेजारी चालवून पाहा.

पैशाची तऱ्हा निराळीच. 2019 साली अमलात आलेल्या दरपद्धतीत केबलच्या पहिल्या शंभर वाहिन्यांचे मूळ शुल्क 130 रुपये, कर आणि सशुल्क वाहिन्या वेगळ्या, असा चोख हिशेब होता. केबल सोडून मी पाच वर्गण्यांचा मांडलिक झालो, आणि त्यांतल्या दोन, फुकटची मुदत संपताच, खात्यातून आपोआप वळत्या होत होत्या. अशा वसुलीची सूचना 24 तास आधी द्यावी असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे, व ती मला आलीही होती. जाहिरातींच्या संदेशांत मी ती वाचलीच नाही, हा दोष माझाच. म्हणून वर्गणी भरताच बँकेच्या अ‍ॅपमधील 'ऑटोपे' उघडून नको ती परवानगी तत्काळ रद्द करावी. आणि केवळ 'सह्याद्री'वर ज्यांचे समाधान होते त्यांनी या भानगडीत न पडता डीडी फ्री डिशची छत्री बसवावी. तिला मासिक शुल्क नाही.

चौथ्या महिन्यात मी केबलवाल्या पोराला पुन्हा बोलाविले. नव्या बॉक्सचे पैसे किती, असे त्याला विचारतो आहे तोच अण्णा उठले, आणि कपाटातून पंचात गुंडाळलेला जुना बॉक्स त्यांनी बाहेर काढला. रिमोटचे सेल काढून निराळ्या पुडीत बांधलेले होते.