वरच्या मॉडेलमध्ये जास्त काय असतं?

वडप्याला हायवेच्या कडेला पाच मिनिटं उभे राहा. नाशिककडे निघालेल्या ट्रक-कंटेनरच्या गर्दीतही हिरव्या नंबर प्लेटच्या गाड्या आता सर्रास दिसतात. घरी गाडी घ्यायचा विषय निघाला की प्रश्न येतो तो आपल्याकडेच! "तू इंजिनिअरिंगला आहेस ना, मग सांग, वरचं मॉडेल घ्यावं का?" प्रश्न लाखांचा असतो, म्हणून "घ्या, पॉवर जास्त आहे" एवढ्यावर भागत नाही.

पेट्रोल गाडीत वरचं मॉडेल म्हणजे बहुधा मोठं इंजिन. इलेक्ट्रिक गाडीत मात्र मोटार, इन्व्हर्टर आणि बॅटरी यांत जो सगळ्यात कमजोर, तोच मर्यादा ठरवतो.

चाकणला बनणारी महिंद्राची बीई ६ घ्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये ती आली ती ५९ आणि ७९ किलोवॅट-अवर अशा दोन बॅटऱ्यांत. लहान बॅटरीवर १७० किलोवॅट पॉवर, मोठीवर २१०. टॉर्क मात्र दोन्हींत ३८० न्यूटन-मीटर! आता फर्स्ट इयरचं सूत्र आठवा : पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले कोनीय वेग. १,७०,००० ला ३८० ने भागलं की ४४७ रेडियन प्रति सेकंद, म्हणजे सुमारे ४,२७० आरपीएम. मोठ्या बॅटरीसाठी हाच आकडा ५,२८० च्या आसपास येतो. तोपर्यंत टॉर्क सपाट आहे असं धरलं, तर ४,२७० आरपीएमपर्यंत दोन्ही मोटारी सारख्याच जोराने ओढणार. सिग्नलवरून सुटताना फरक जाणवायचा नाही. तो जाणवेल वेग वाढल्यावर, म्हणजे जून २०२५ मध्ये खुल्या झालेल्या आमणे-इगतपुरी टप्प्यावर ओव्हरटेक करताना वगैरे.

आणखी एक गंमत. पॉवरला बॅटरीच्या क्षमतेने भागून बघा. लहानीत २.९, मोठीत २.७. म्हणजे दर युनिटमागे दोन्ही बॅटऱ्या जवळजवळ सारख्याच पिळल्या जातात. जास्तीचे ४० किलोवॅट म्हणजे मोठ्या बॅटरीची करामत, असंच मला तरी वाटतं.

टाटांच्या हॅरियर ईव्हीची (जून २०२५) गोष्ट वेगळी. तिथे ७५ किलोवॅट-अवरची तीच बॅटरी ठेवून वरच्या मॉडेलला पुढे दुसरी मोटार दिली आहे. मागची २३८ पीएसची, पुढची १५८ पीएसची. टॉर्क ३१५ वरून ५०४ न्यूटन-मीटर. मागची मोटार कायम चुंबकाची आहे आणि पुढची इंडक्शन. असं का? चुंबकाची मोटार नुसती फिरत राहिली तरी चुंबकामुळे थोडा रोध होतोच. इंडक्शन मोटारीचा करंट बंद केला की चुंबकीय क्षेत्रच नाही, मग ती आरामात मोकळी फिरते. म्हणून गरज लागेल तेव्हाच मदतीला घ्यायची मोटार म्हणून ती सोयीची. प्रमाणित रेंज बघा : एका मोटारीवर ६२७ किलोमीटर, दोनवर ६२२. फक्त पाचचा फरक! माझ्या मते ६.३ सेकंदांत शंभर गाठण्यापेक्षा पावसाळ्यात कसारा घाटात चारही चाकांना पकड मिळते, हा फायदा मोठा.

आता कोणी म्हणेल, २३८ अधिक १५८ म्हणजे ३९६ पीएस झाले की. थांबा, अशी बेरीज करू नका! अशाच बेरजेवरून अमेरिकेच्या टेस्लाला बोलणी खावी लागली. २०१४ मध्ये त्यांनी पी८५डी ही दोन मोटारींची गाडी ६९१ हॉर्सपॉवरची म्हणून जाहीर केली. तो आकडा मोटारींच्या क्षमतेचा होता, बॅटरी तेवढं देऊच शकत नव्हती. ग्राहक भडकले आणि २०१५ मध्ये कंपनीला खुलासा करावा लागला.

त्याच वर्षी आलेला त्यांचा 'ल्युडिक्रस' पर्याय तर अभ्यासावा असा आहे. वेग वाढवायला त्यांनी हात घातला फ्यूजला! साधा फ्यूज नेमका कधी वितळेल याचा भरवसा नसतो, म्हणून करंट बराच खाली ठेवावा लागतो. त्यांनी करंट स्वतः मोजून क्षणात सर्किट तोडणारा इलेक्ट्रॉनिक फ्यूज बसवला, मुख्य काँटॅक्टरमध्ये स्टीलऐवजी उष्णता सोसणारा इनकोनेल वापरला आणि करंट १,३०० वरून १,५०० अँपिअरवर नेला.

याच्या अगदी उलट २०१६ ची मॉडेल एस ६०. तिच्यात बॅटरी ७५ किलोवॅट-अवरचीच होती, वरची क्षमता सॉफ्टवेअरने कुलूपबंद! नंतर पैसे भरले की कुलूप उघडायचं. पान्याला हात लावायची गरजच नव्हती.