रानकोबीचे कूळ आणि आपले आरोग्य

कोबी, फुलकोबी आणि नवलकोल या तीन भाज्या बाजारात शेजारी शेजारी मांडलेल्या असल्या तरी त्यांचे मूळ एकच आहे, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने त्या एकाच जातीच्या होत. या जातीची रानटी झाडे इंग्लंड आणि फ्रान्सच्या समुद्रकाठी चुनखडीच्या कड्यांवर आजही वाढतात. रानकोबीला गड्डा नसतो. जाड, निळसर हिरवी, किंचित कडवट पाने आणि पिवळी फुले एवढेच तिचे रूप. लागवडीतील कोबीचे मूळ मात्र भूमध्य समुद्राच्या पूर्व भागात असावे, असे अलीकडील आनुवंशिक अभ्यासावरून दिसते. शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करीत कोठे पानांचा गड्डा, कोठे फुलांचा गेंद, तर कोठे फुगीर खोड वाढविले. भारतात फुलकोबी आली ती १८२२ साली, सहारनपूरच्या कंपनी बागेत. मोहरी, मुळा आणि बाळंतिणीच्या लाडवात पडणारा अळीव हेही याच कुळातील. फुलांच्या चार पाकळ्यांची क्रुसासारखी मांडणी ही या कुळाची खूण होय.

या कुळाचे आरोग्यदायी महत्त्व सर्वप्रथम ठळकपणे प्रत्ययास आले ते दर्यावर्दी लोकांना. महिनोन्‌महिने खारवलेले मांस आणि वाळलेली बिस्किटे खाणाऱ्या खलाशांना स्कर्व्ही हा रोग जडत असे. हिरड्यांतून रक्त येई, दात हलू लागत, जुन्या जखमा पुन्हा उघडत आणि अखेर मृत्यू ओढवे. कॅप्टन कुक याने १७६८ च्या सफरीवर आंबवलेल्या कोबीचा मोठा साठा बरोबर घेतला होता. या साठ्याचे पुष्कळ कौतुक झाले आहे. परंतु प्रत्येक बंदरात ताजा भाजीपाला मिळविण्याचा त्याचा आग्रह अधिक उपयोगी पडला असावा.

या संदर्भात केर्गेलेन बेटांवरील रानकोबीची हकिगत मोठी उद्‌बोधक आहे. मुंबईच्या जवळजवळ थेट दक्षिणेस, सुमारे साडेसात हजार किलोमीटरवर हिंदी महासागरात ही ओसाड बेटे आहेत. कुकची जहाजे १७७६ मध्ये तेथे पोहोचली, तेव्हा कोबीसारखा गड्डा धरणारी एक वनस्पती आढळली. पुढे १८४० साली जोसेफ हूकर हा वनस्पतिशास्त्रज्ञ तेथे गेला असता त्याच्या जहाजांवरील लोकांनी ही भाजी नित्य खाल्ली. तिच्या शास्त्रीय नावातच ‘स्कर्व्हीनाशक’ असा अर्थ आहे. सोसाट्याच्या वाऱ्याच्या या बेटांवर मूळचे उडणारे कीटक जवळजवळ नाहीत. त्यामुळे ती परागणासाठी त्यांच्यावर विसंबत नाही. इतक्या कठीण परिस्थितीत टिकलेल्या या वनस्पतीला मनुष्याने मात्र संकटात टाकले. १८७४ मध्ये तेथे ससे सोडण्यात आले आणि त्यांनी तिची रोपे मोठ्या प्रमाणावर फस्त केली.

खलाशांना वाचविणारा घटक म्हणजे ‘क’ जीवनसत्त्व. शंभर ग्रॅम कच्च्या कोबीत ते सुमारे ३५ मिलिग्रॅम असते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषास दररोज ८०, तर स्त्रीस ६५ मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व लागते. हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळते व उष्णतेने नष्ट होते. भाजी चिरून पाण्यात भिजत घालणे, भरपूर पाण्यात उकळणे आणि ते पाणी ओतून देणे, ही आपल्याकडील सवय म्हणूनच तोट्याची आहे. भाजी आधी धुवावी, मग चिरावी आणि झाकण ठेवून थोडक्यात शिजवावी. कोशिंबिरीत तर नुकसान सर्वांत कमी.

मोहरीचा झणका आणि मुळ्याचा उग्रपणा ज्या गंधकयुक्त द्रव्यांमुळे येतो, ती या कुळात सर्वत्र आढळतात. पान चिरले वा चावले की त्यांपासून तिखट पदार्थ तयार होतात. झाडाचे ते किडींविरुद्धचे शस्त्र आहे. ब्रोकोलीतील अशाच एका पदार्थाकडे १९९२ नंतर कर्करोग संशोधकांचे लक्ष वेधले गेले. तथापि, कोबी खाल्ल्याने कर्करोग टळतो, असे सिद्ध झालेले नाही आणि तशा जाहिरातींवर विश्वास ठेवू नये. याच द्रव्यांचे काही अंश थायरॉइड ग्रंथीच्या आयोडीन घेण्याच्या कार्यात अडथळा आणतात. आहारात आयोडीनयुक्त मीठ असेल तर नेहमीच्या प्रमाणात या भाज्या खाण्यास हरकत नाही. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी मात्र हिरव्या पालेभाज्यांचे प्रमाण एकाएकी कमीजास्त न करता डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. कारण त्यांतील ‘के’ जीवनसत्त्व या औषधाच्या विरुद्ध कार्य करते.