बास ड्रमच्या पेडलची निवड

बास ड्रम, म्हणजे ड्रमसेटमधील मोठा ढोल, पायाने वाजविण्याच्या साधनास पेडल म्हणतात. ते विकत घेताना पुष्कळ लोक त्याची चकाकी व किंमत पाहतात. आपला पाय त्यावर ठेवून मात्र पाहत नाहीत. ह्या चुकीने पैसा जातो, आणि ताल बिघडतो तो निराळाच. म्हणून ह्या विषयाच्या मुख्य गोष्टी आम्ही वाचकांपुढे मांडतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील शिकागो शहरी विल्यम लुडविग नामक एक ढोलवादक होता. रॅगटाइम नावाचे नवे, द्रुत लयीचे संगीत वाजविताना त्या वेळचे पेडल त्याच्या पायामागे पडे. तेव्हा त्याने स्वतःच लाकडाचे एक पेडल घडविले, आणि १९०९ साली थिओबाल्ड ह्या आपल्या भावासह कारखाना काढला. ह्यावरून आम्ही काय शिकावे? हेच की, साधनाने पायाच्या आज्ञेत चालावे. पायाने साधनाच्या नव्हे.

आता प्रकार पाहू. पायाखालची पट्टी दाबली असता वरचा बीटर ढोलावर आदळतो. ह्या दोहोंस जोडणारा दुवा तीन प्रकारचा असतो. पट्ट्याचा दुवा हलका व मऊ चालतो, परंतु चामड्याचा पट्टा कालांतराने ताणतो. साखळी अधिक टिकाऊ, पण किंचित जड लागते. तिसरा प्रकार धातूच्या ताठ दांड्याचा. त्यात ढिलाई नसल्यामुळे पायाची प्रत्येक हालचाल तत्काळ बीटरास पोहोचते, आणि तीबरोबर पायाची चूकही पोहोचते. लुडविगने १९३७ साली काढलेल्या ‘स्पीड किंग’ ह्या प्रसिद्ध पेडलात असाच दांडा होता.

साखळी किंवा पट्टा ज्या चाकावरून जातो, त्याचा आकारही पाहावा. चाक वाटोळे असले तर बीटरची गती पायाच्या गतीप्रमाणे सारखी राहते. लंबगोल असले तर शेवटी ती वाढते व ठोका जोरदार बसतो. नवशिक्यास वाटोळे चाक बरे, कारण त्यावर पायास समतोलपणाची सवय लागते.

बीटर नमद्याचा असला तर नाद मऊ व भरदार निघतो. लाकडाचा किंवा प्लास्टिकचा असला तर ठोका स्पष्ट व तीक्ष्ण ऐकू येतो. बीटर मागाहून बदलता येतो, म्हणून केवळ त्यासाठी पेडल नाकारू नये.

दुकानात परीक्षा अशी करावी. पेडल ढोलाच्या कड्यास घट्ट बसवून बीटर हाताने मागे ओढून सोडावा. तो बराच वेळ निर्वेध झुलत राहिला, तर सांधे चांगले आहेत असे समजावे. पट्टी डावीउजवीकडे डुगडुगते काय, सांधे कुरकुरतात काय, हेही पाहावे. स्प्रिंगचा ताण कमीजास्त करता येतो काय, हे विचारावे. मग दहा मिनिटे संथ व हळू वाजवावे. जोराने वाजविताना बहुतेक पेडले चांगलीच वाटतात. हळू वाजविताना दोष उघडकीस येतात. इतक्यात पोटरी दुखू लागली आणि ताण सैल करूनही दुखणे राहिले, तर ते पेडल कितीही नामांकित असो, आपले नव्हे असे समजून दुसरे पाहावे.