शाळेच्या संगणकावरील बंद पडलेली साधने पूर्ववत् करणे



लोणावळ्याच्या घाटमाथ्यावरील असो वा नाणे मावळातील एखाद्या वाडीवरची असो, शाळेतील संगणक हे आता केवळ कुतूहलाचे यंत्र राहिलेले नाही. पटावरील मुलांची नोंद, यू-डायसची माहिती, निकालपत्रके ही सारी त्यातच साठविलेली असतात. अशा यंत्रावर एखादे दिवशी टास्क मॅनेजर उघडू जाता, ‘हे साधन आपल्या प्रशासकाने बंद केले आहे’ अशा अर्थाची इंग्रजी सूचना उमटते. शाळेत तर असा प्रशासक कोणी नसतो. मग यंत्र बिघडले असे समजून ते फॉरमॅट करण्यास दिले जाते, आणि प्रत काढून ठेवलेली नसल्यास वर्षाच्या नोंदी त्याबरोबर पुसल्या जातात. हे नुकसान टाळावे, हा या पाठाचा उद्देश होय.

कारणमीमांसा

टास्क मॅनेजर हे संगणकात कोणकोणती कामे चालू आहेत ते दाखविणारे साधन आहे. रजिस्ट्री एडिटर हे यंत्राच्या अंतर्गत नोंदवहीत फेरफार करण्याचे साधन होय. मोठ्या कचेऱ्यांतून कर्मचाऱ्यांनी यांत ढवळाढवळ करू नये म्हणून ती बंद ठेवण्याची सोय विंडोजमध्येच केलेली आहे. विषाणू नेमका याच सोयीचा दुरुपयोग करतो. कारण ही साधने चालू राहिली, तर तो उघडकीस येतो. २००५ साली आढळलेला ब्रॉन्टॉक आणि त्याच सुमारास पसरलेला सॅलिटी हे या जातीचे विषाणू होत. पेन ड्राइव्ह एका यंत्रातून दुसऱ्यात फिरत असता असे विषाणू सहज पसरतात. तेव्हा साधन नष्ट झालेले नसते; त्यास केवळ कुलूप लागलेले असते.

कृती

१. प्रथम इंटरनेटची जोडणी काढावी. नोंदींच्या फाइली तेवढ्या बाहेर उतरवून घ्याव्यात; कोणताही प्रोग्राम बरोबर घेऊ नये. तो पेन ड्राइव्ह दुसऱ्या यंत्रावर तपासल्याविना उघडू नये.

२. तद्नंतर विषाणू काढावा. कौल फुटलेले असता नुसती जमीन पुसत बसल्याने घर कोरडे होत नाही. त्याचप्रमाणे विषाणू जिवंत असता काढलेले कुलूप पुन्हा लागते. विंडोज १० व ११ मध्ये ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून स्कॅनच्या पर्यायांतून ‘ऑफलाइन स्कॅन’ निवडावा. यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू होते व विंडोज चालू होण्यापूर्वीच तपासणी होते. शासनाच्या सायबर स्वच्छता केंद्राने २०१७ पासून अशी शोधसाधने विनामूल्य उपलब्ध करून दिली आहेत.

३. आता कुलूप काढावे. रजिस्ट्री एडिटर उघडत असल्यास प्रथम ‘एक्स्पोर्ट’ने नोंदवहीची प्रत ठेवावी. मग एच-की करंट यूजर, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन, पॉलिसीज, सिस्टिम या क्रमाने जावे. तेथे ‘डिसेबल टास्क एमजीआर’ नावाची नोंद १ या अंकासह आढळेल; ती पुसावी. अन्य कोणत्याही नोंदीस हात लावू नये.

४. रजिस्ट्री एडिटरच बंद असल्यास किल्ली पेटीतच राहिल्यासारखी स्थिती होते. विंडोजच्या प्रोफेशनल आवृत्तीत ‘ग्रुप पॉलिसी एडिटर’ उघडून यूजर कॉन्फिगरेशन, अॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, सिस्टिम येथे जावे. तेथील नियमाचा अर्थ ‘रजिस्ट्रीच्या साधनांस प्रतिबंध करावा’ असा आहे. येथे पुष्कळांचा गोंधळ होतो. प्रतिबंध उठवावयाचा असल्याने ‘एनेबल्ड’ नव्हे, तर ‘डिसेबल्ड’ निवडावयाचे, हे ध्यानी ठेवावे. होम आवृत्तीत हे साधन नसते. तेथे पॉवरशेलद्वारे ‘डिसेबल रजिस्ट्री टूल्स’ ही नोंद काढता येते. हे काम केंद्रातील तंत्रस्नेही शिक्षकास सोबत घेऊन करावे.

५. शेवटी यंत्र पुन्हा सुरू करून कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबाव्यात. टास्क मॅनेजर उघडल्यास काम साधले. कुलूप पुन्हा लागलेले दिसल्यास विषाणू शिल्लक आहे असे समजून दुसऱ्या क्रमांकाची कृती पुन्हा करावी.

सावधगिरी

हे कुलूप बहुधा त्या त्या वापरकर्त्याच्या खात्यापुरते असते. म्हणून शाळेच्या यंत्रावर दोन खाती असावीत: एक प्रशासकाचे, मुख्याध्यापकांच्या ताब्यातील, दुसरे साधे, दैनंदिन कामाचे व मुलांचे. साध्या खात्यातून शिरलेल्या विषाणूचे हात पुष्कळ अंशी बांधलेले राहतात. विंडोज १० चा सर्वसाधारण विनामूल्य आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. ज्या शाळांत हीच आवृत्ती असेल, त्यांनी अधिक दक्ष राहावे. तसेच एखादे यंत्र वरिष्ठ कार्यालयाने हेतुपुरस्सर बंधने घालून दिलेले असल्यास त्यांच्या अनुज्ञेवाचून ती काढू नयेत.

स्वाध्याय

(अ) आपल्या शाळेच्या संगणकावर किती खाती आहेत व त्यांतील प्रशासकाचे कोणते, याची नोंद करा.
(आ) विषाणू काढण्यापूर्वी कुलूप काढणे व्यर्थ का ठरते, ते आपल्या शब्दांत मांडा.
(इ) निकालपत्रकांची एक प्रत संगणकाबाहेर ठेवली आहे काय? नसल्यास आजच ठेवा.

शेवटची कृती वाचून सोडून देऊ नये. यंत्र पुन्हा मिळेल. परंतु घाटातल्या एखाद्या मुलीच्या जन्मतारखेची शाळेतील नोंद गेली, तर तिच्या दाखल्यासाठी तिच्या आईबापांना किती खेटे घालावे लागतील, याचा विचार आपणच करावयाचा आहे.