शेततळ्यात मासे सोडताना उन्हाळ्याचे पाणी मोजा

निफाड, दिंडोरी, चांदवड, येवला या भागांत पावसाळ्यात विहिरीचे पाणी उपसून शेततळी भरण्याची लगबग असते. द्राक्षबागांच्या गरजेने आणि 2016 च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेमुळे इथे गावोगाव तळी झाली. या पाण्यात मासे जरूर सोडावेत. मात्र बोटुकली किती सोडायची, हे सप्टेंबरच्या तुडुंब तळ्याकडे पाहून ठरवू नका. मार्चअखेर तळाशी जे उरेल ते पाणी धरून ठरवा. 30 बाय 30 मीटरचे, 3 मीटर खोल, काठाला एकास एक उतार असलेले तळे भरले की सुमारे 22 लाख लिटर पाणी मावते. पातळी 1 मीटरवर आली की जेमतेम सव्वासहा लाख लिटर उरते. तोवर मासे वाढलेले, ऊन तापलेले, आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. कटला, रोहू, मृगळ यांची हेक्टरी 5 ते 10 हजार बोटुकली सोडा असे सांगितले जाते. त्या हिशेबाने या 9 गुंठ्यांत 450 ते 900 बसतात. पाणी बागेला जाणार असेल, तर माझ्या मते 300 वर थांबावे.

एवढ्याशा माशांनी काय होणार, असे कोणी म्हणेल. पण बागेसाठी साठवलेल्याच पाण्यात हे दुसरे उत्पन्न निघते, आणि गारपिटीने घड गेले त्या वर्षी ते हाताशी असते. दाटी केली तर एका ढगाळ रात्रीत सगळे हातचे जाते. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले, की लगेच मोटर लावून तळ्यातलेच पाणी उंचावरून फवाऱ्यासारखे परत सोडा आणि त्या दिवशी खाद्य देऊ नका.

थंडीत मासे नीट वाढत नाहीत, हा आक्षेप मात्र खरा आहे. कटला-रोहू 25 ते 32 अंशांत चांगले वाढतात आणि निफाडला पारा 5 अंशांखालीही जातो. म्हणून ऑगस्टमध्ये बारीक बीज घेऊ नका. मिळाल्यास वर्षभर जोपासलेले, वीतभर बीज घ्या. डिसेंबर-जानेवारीत पेंड आणि भाताचा कोंडा निम्म्यावर आणा, न खाल्लेले खाद्य तळाशी कुजते. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर बागेची तहान वाढते, त्याआधी मासे काढून घ्या. तळ्यावर कोंबड्या-बदके पाळायची पद्धत मातीच्या तळ्यांना ठीक. प्लास्टिक अस्तराच्या तळ्यात त्यांची विष्ठा थेट ठिबकच्या फिल्टरमध्ये येते. फवारणीचा पंप धुतलेले पाणी तर तळ्याच्या आसपासही सांडू देऊ नका.

अस्तराचा उतार ओला झाला की पाय ठरत नाही. म्हणून जाळे आणण्याआधी चारही काठांना गाठी मारलेले दोर पक्के बांधा, हवा भरलेली ट्यूब जवळ ठेवा, आणि एकट्याने तळ्यात उतरू नका.