बघून केलं, तर काय बिघडलं?

पालकहो,

शाळेच्या फाटकापाशी, भाजीच्या गाडीपाशी, आंबिवलीच्या फलाटावर, कुठेही भेटलात तरी तुमच्या तोंडी पहिला विषय मोबाइलचाच असतो. ‘बाई, पोरगं मान वर करत नाही.’ ‘व्हिडिओ लावल्याशिवाय घास गिळत नाही.’ तुमची काळजी खरी आहे. एक संपला की दुसरा आपोआप सुरू होतो, असे व्हिडिओ मध्यरात्रीपर्यंत बघत बसलेलं मूल मलाही बघवत नाही. त्या बाबतीत मी पूर्णपणे तुमच्या बाजूची आहे. पण त्याच मोबाइलमधून कधी कधी मुलांच्या हाती काही चांगलंही लागतं, आणि ते आपल्या मोठ्यांच्या लक्षातच येत नाही. आलं तरी ‘हे काय, बघून तर केलंस!’ एवढं बोलून आपण ते निकालात काढतो. मला आज त्या वाक्याबद्दल तुमच्याशी बोलायचं आहे.

आंबिवलीजवळच्या आपल्या मोहन्यात राहणाऱ्याला जलपर्णी म्हणजे काय हे सांगायला नको. पाऊस सरून पाणी संथ झालं की बंधाऱ्यापाशी उल्हास नदी हिरवी होत जाते आणि पाणी दिसेनासं होतं. मग डास, कुबट वास, पिण्याच्या पाण्याची चिंता, निवेदनं, आंदोलनं. मुलांनी हा शब्द जन्मापासून वैतागाच्या सुरातच ऐकलेला असतो.

माझ्याकडे हस्तकला शिकायला येणाऱ्या सातवीतल्या एका मुलीला आईच्या फोनवर गुवाहाटीजवळच्या दीपोर बील या तळ्याचा व्हिडिओ सापडला. तिथल्या मच्छीमार समाजातल्या सहा मुलींनी याच जलपर्णीपासून योगासनांची चटई विणली, तळ्यावरच्या पाणकोंबडीवरून तिचं नाव ‘मूरहेन’ ठेवलं, आणि २०२१ मध्ये त्याची बातमी देशभर पोचली. आमच्या मुलीने तो व्हिडिओ पाहिला आणि थेट विचारलं, ‘बाई, ही तर आपल्याकडची घाण. तिची चटई होते?’

मामाला बरोबर घेऊन, हातात रबरी मोजे घालून तिने काठावरचे देठ आणले. (एकट्या मुलाला बंधाऱ्यावर कधीही पाठवू नका, कितीही चांगलं काम असलं तरी.) जलपर्णीचा देठ तुम्ही कधी हातात धरून पाहिला आहे का? मोकळ्या पाण्यात वाढलेल्या रोपाचा देठ आखूड आणि फुगीर असतो. दाटीत वाढलेल्याचा लांब, सडपातळ. विणायला हा लांबच उपयोगी. आत सगळीकडे हवेच्या पोकळ्या, म्हणून तर जलपर्णी तरंगते. खालची काळसर झुपकेदार मुळं आणि वरचं पान कापून तिने देठ गच्चीवर वाळत घातले. पहिला ढीग एकावर एक टाकला, त्याला बुरशी आली. दुसऱ्या खेपेला तिने एकेक देठ सुटा पसरला. करंगळीएवढा देठ वाळून तपकिरी, चपटा, सुतळीसारखा झाला. वेणी घालायला बसली तर तटातट तुटायला लागला. मग तिने तो व्हिडिओ पुन्हा लावला. या वेळी तिचं लक्ष चटईकडे नव्हतं, विणणाऱ्या बाईच्या बोटांकडे होतं. ती बाई मध्येच हात ओला करत होती. ओल्या फडक्यात थोडा वेळ गुंडाळून ठेवल्यावर देठ वाकायला लागले. तीन पेडांची वेणी, तिचं गोल वेटोळं, सुई-दोऱ्याने टाके घातले आणि पाण्याच्या तांब्याखाली ठेवायची एक ओबडधोबड चकती तयार झाली.

घरी काय म्हणाले असतील, तुम्ही ओळखलं असेल. ‘दहा रुपयांना बाजारात मिळते, त्यासाठी गच्चीभर पसारा!’

पण त्या चकतीनंतर तिचे प्रश्न सुरू झाले. आसामात तीच, मोहन्यात तीच, हे कसं? मूळची ही वनस्पती दक्षिण अमेरिकेतली, हे तिने स्वतः शोधलं. मग इथे एवढी का फोफावते? सांडपाण्यातून नायट्रोजन आणि फॉस्फरस मिळतात, त्यावर ती पोसते. मग सांडपाणी येतं कुठून? तिने फोनवरच नकाशा उघडला आणि नदीच्या उलट दिशेने बोट सरकवत बदलापूर, कर्जत करत राजमाचीच्या डोंगरापर्यंत गेली. लोकलच्या खिडकीतून हजारदा दिसलेली नदी तिने त्या दिवशी पहिल्यांदा सबंध पाहिली. चकत्या विणून उल्हास नदी स्वच्छ होणार नाही. त्यासाठी गावागावांचं सांडपाणीच अडवायला हवं, हे तिलाही कळलं. तेराव्या वर्षी एवढं कळणं मला फार मोलाचं वाटतं, आणि त्याची सुरुवात ‘बघून करण्या’तूनच झाली होती.

बघून करण्याला आपण इतकं हलकं का लेखतो? १९१०च्या सुमारास दादासाहेब फाळके यांनी मुंबईत ‘लाइफ ऑफ ख्राइस्ट’ हा परदेशी मूकपट पाहिला. पडद्यावर येशूचं चरित्र चाललं होतं आणि त्यांच्या मनात राम, कृष्ण, गोकुळ उभं राहत होतं. ते पत्नीला, सरस्वतीबाईंना घेऊन पुन्हा तो चित्रपट पाहायला गेले. पुढे लंडनला जाऊन यंत्र आणलं, वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपून सराव केला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. त्यात मला सरस्वतीबाई जास्त महत्त्वाच्या वाटतात. अंगावरचे दागिने त्यांनी दिले, फिल्मला भोकं पाडायला आणि ती धुवायला त्या शिकल्या, सगळ्या मंडळींना रांधून वाढलं. ‘कुणा परक्याचं बघून आलात आणि हे काय खूळ!’ असं त्या म्हणाल्या असत्या तर? घरातलं माणूस काय म्हणतं, यावर पुष्कळ काही ठरतं.

मात्र बघून करण्याला एक पथ्य आहे आणि ते मुलांना आपणच शिकवायला हवं. ज्याचं बघितलं त्याचं नाव घ्यायचं. एका मुलाने ‘पाच मिनिटांत वारली’ अशा कुठल्याशा व्हिडिओवरून कुंडी रंगवून आणली. हात उत्तम. टोकाला टोक भिडलेले दोन त्रिकोण, वर डोक्याचा ठिपका, काडीसारखे हातपाय, माणूस तयार. मी विचारलं, हे मुळात कोणाचं? ‘यूट्यूबवरच्या एका ताईचं.’ मग आम्ही दोघांनी बसून शोधलं. वारल्यांच्या घरी लग्न असलं की सवाशिणी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्यात पालघट देवी असते, आणि बांबूच्या काडीचं टोक चावून कुंचला करतात, हे त्याला कळलं. जिव्या सोमा मशे यांची ओळख झाली. लहानपणी आई गेली, वाचा बंद झाली आणि ते मूल मातीत रेघोट्या ओढून बोलू लागलं. १९७०च्या दशकात ही कला भिंतीवरून कागदावर आली ती मुख्यतः त्यांच्या हातून. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. त्यांचं गंजाड गाव डहाणू तालुक्यात. १ ऑगस्ट २०१४ला पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत ते आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. मुलाला हे खरंच वाटेना. जगभरच्या संग्रहालयांत गेलेली चित्रं, आणि ती आपल्या जिल्ह्यातली!

त्याने विचारलं, ‘मग मी काय काढू? आमच्याकडे तर भातशेती नाही, तारपा वाजत नाही.’ मी म्हटलं, ते लोक आपलं जगणं काढतात, तू तुझं काढ. त्याने आंबिवलीची लोकल काढली, पाण्याच्या टँकरपुढची हंड्यांची रांग काढली आणि एक उंच धुराडं काढलं. आजोबा एनआरसी या रेयॉनच्या कारखान्यात होते. २००९ मध्ये कंपनीला टाळं लागलं तेव्हा या मुलाचा जन्मही झाला नव्हता, आणि घरात तो विषय कोणी काढत नसे. नातवाच्या कागदावरचं धुराडं बघून आजोबा म्हणाले, ‘जागा चुकली, भोंगा इकडच्या अंगाला होता.’ आणि मग पाळ्या, कँटीन, रेयॉनचा धागा, संध्याकाळी फाटकातून बाहेर पडणारी सायकलींची रांग, सगळं बोलत सुटले. मुलाने दुसरा कागद घेतला. या चित्रांखाली त्याने ‘वारली चित्र’ असं लिहिलं नाही, ‘वारली चित्रांवरून’ असं लिहिलं. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे. तिच्या नावावर हक्क त्या समाजाचा आहे, हे त्याला मीच सांगितलं होतं.

तुमच्या अडचणी मला ठाऊक आहेत. दहा बाय बाराची खोली, घरात एकच चांगला फोन, तो वडिलांबरोबर पहाटेच्या गाडीने जातो आणि रात्री परत येतो. तेव्हा ‘मुलांबरोबर बसून बघा’ हा सल्ला मी सरसकट देणार नाही. पण ‘आज किती वेळ बघितलंस?’ असं विचारतो तिथेच ‘काय बघितलंस, दाखव’ एवढं विचारता येईल. दाखवलं की ‘हे कोणी केलं, कुठे राहतात ती माणसं?’ हेही विचारा. उत्तर येत नसेल तर ते शोधायला पाच मिनिटं जास्त द्या, ती वाया जात नाहीत. कॉटखाली एक खोका राहू द्या; त्यात पुठ्ठे, सुतळी, बाटल्यांची झाकणं, जुन्या साडीचे काठ असे पडू देत. आणि कृपा करून मुलाने काही केलं की लगेच फोटो काढून स्टेटसला टाकू नका. एकदा पन्नास जणांनी अंगठे दाखवले की बुरशी आलेला पहिला ढीग कोणाला दाखवावासा वाटत नाही, मूल फक्त शाबासकी मिळेल तेवढंच करायला लागतं.

सुरुवात कुठून करायची, असं परवा एका वडिलांनी विचारलं. त्यांना मी अरविंद गुप्तांचं नाव सांगितलं, तुम्हालाही सांगते. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, पुण्याला टेल्कोत नोकरी. १९७८ मध्ये वर्षभराची रजा घेऊन मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथल्या खेड्यात जे स्वस्तात मिळेल त्यातूनच विज्ञान शिकवायचं होतं. काड्यापेटीतल्या काड्या आणि सायकलची वॉलट्यूब एवढ्या सामानातून त्यांनी एक आख्खा बांधणीचा खेळ उभा केला. नंतर पुण्याच्या आयुकात मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षं काम केलं, २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांची खेळणी, व्हिडिओ आणि पुस्तकं इंटरनेटवर फुकट आहेत, मराठीतही पुष्कळ आहेत.

वॉलट्यूबचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यात दोन्हीकडून एकेक काडी खुपसायची. तीन काड्यांचा त्रिकोण करा, दाबा, हलत नाही. चार काड्यांचा चौकोन करा, लगेच कलंडतो. मुलालाच विचारा, याला ताठ कसं करायचं. आडवी-तिडवी काडी लावून बघता बघता ते कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकं जोडायला येईल. मग त्याला शहाडकडे जाताना विजेचे मनोरे दाखवा, गणपतीच्या मंडपाचे तिरके बांबू दाखवा, तुमच्या सायकलचा सांगाडा दाखवा. त्या वडिलांनी हे केलं. आता त्यांचा मुलगा लोकलच्या छपरापासून फलाटाच्या पत्र्यापर्यंत त्रिकोण मोजत असतो आणि त्यांनाही मोजायला लावतो.

येत्या रविवारी करून बघा. काड्यांच्या टोकांचा गूल आधी पातीने खरवडून काढायचा असतो. तेवढं काम मात्र मुलांवर सोडू नका, ते तुम्ही करा.