हिरव्या टिकेला भुलू नकोस

अगं, कव्हरेज नव्वदच्या वर गेलं म्हणून एवढी हुरळून जाऊ नकोस. त्या ओळीवरून कोड एकदा धावला, एवढंच कव्हरेज सांगतं. धावून बरोबर वागला का, ते कुणी बघितलं? तुझ्या निम्म्या टेस्टमध्ये एक्स्पेक्टच नाही, उरलेल्या स्नॅपशॉटच्या. आणि स्नॅपशॉट मोडला की लोक काय करतात ते तुलाही ठाऊक आहे. न वाचता अपडेट मारतात.

तो ओटीपीचा फॉर्मच घे. हूक मॉक करून ‘सेटलोडिंग’ला ट्रू मिळालं का, एवढंच तू तपासलंस. उद्या कुणी नुसतं नाव बदललं, तर फॉर्म व्यवस्थित चालत असताना तुझी टेस्ट लाल! त्यापेक्षा फॉर्म भरणाऱ्या बाईच्या जागी बस. मोबाइल नंबरचे नऊच आकडे टाकले तर चूक दिसते का? घाईघाईत ‘ओटीपी पाठवा’ दोनदा दाबलं तर रिक्वेस्ट एकच जाते ना? आणि सर्व्हरने पाचशेची एरर दिली तर बटण परत चालू होतं, की ती बिचारी तिथेच अडकते? मॉक करायचंच तर नेटवर्क कर, आपलेच कॉम्पोनंट नकोत.

बटण क्लासच्या नावाने शोधू नकोस, टेस्ट-आयडी तर अगदी नाइलाज झाला तरच. टेस्टिंग लायब्ररीचं ‘गेटबायरोल’ वापर, भूमिका आणि नाव दे. सापडलं नाही तर टेस्टवर वैतागण्याआधी मार्कअप बघ. डिव्हलाच ऑनक्लिक चिकटवलेलं असेल, तर स्क्रीन रीडरवाल्यालाही ते बटण म्हणून कळणार नाहीये.

टायपिंगसाठी ‘युजर-इव्हेंट’ घे, बाई. ‘फायरइव्हेंट’चा चेंज अख्खा नंबर एका झटक्यात टाकतो. कीडाउनवर अक्षरं अडवणारा तुझा कोड त्यात चालतच नाही.

हेडर फॉर्मवर चढतो का, हे मात्र इथे शोधत बसू नकोस. जेएसडॉम लेआउट करतच नाही, मापं विचारलीस तर शून्यच देतो. ते खऱ्या ब्राउझरमध्ये प्लेराइटवर सोड.

आता एक कर. बटण डिसेबल करणारी ओळ मुद्दाम काढ आणि सगळ्या टेस्ट चालव. दोनदा दाबायची टेस्ट तरीही हिरवीच राहिली, तर ती फॉर्मकडे बघतच नाहीये. नव्याने लिही. बाकीच्यांचंही असंच एकेक करून बघ, आणि नुसत्या शोभेच्या निघतील त्या खुशाल उडव. पीआरवर कुणी ‘टेस्ट कमी कशा झाल्या?’ म्हणून विचारलं, तर मला टॅग कर. मी बघते.